आजीच्या दोन पावत्या आणि सरकारचा हिशेब

आधीच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'भागभांडवल' हा भांडणाचाच काहीतरी प्रकार असणार असं मला बारावीपर्यंत वाटायचं. त्यामुळे मराठी विभागासाठी मी लेख लिहिणार, आणि तोही बँकांवर, हे ऐकून आमच्या फ्लोअरवर बराच हशा झाला. हसा. पण वाचा.

विषय निघाला मेसमध्ये. माझी रूममेट धुळ्याची. प्लेसमेंट नाही झाली तर बँकेची परीक्षा द्यायची म्हणून ती पेपरातली कात्रणं एका फाईलला लावून ठेवते. त्यातल्या २०२४ च्या एका कात्रणात फोटो होता. बँकेचे साहेब लोक दिल्लीत अर्थमंत्र्यांच्या हातात भलामोठा चेक देतायत आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. बँक ऑफ महाराष्ट्र, लाभांश ८५७ कोटी १६ लाख रुपये. रूममेट म्हणाली, "बघा, सरकारने बँका वाचवायला घातलेले पैसे परत यायला लागले की नाही?" झालं! समोरच्या बाकावरून उत्तर आलं, "कसले परत? बड्या लोकांनी बुडवले आणि तुझ्या-माझ्या टॅक्समधून भरले. एक रुपया परत येत नसतो." मग जी जुंपली ती शेवभाजी थंड होईपर्यंत.

मी गप्प होते. एक तर दोघींपैकी कुणाकडेच आकडे नव्हते. आणि दुसरं म्हणजे मला आमच्या घरची पत्र्याची पेटी आठवत होती.

ही पेटी माझ्या आजीची, पारोळ्याकडच्या गावी असते. आजोबा एसटीत कंडक्टर होते. ते रिटायर झाल्यावर जो पैसा आला तो आजीने दोन ठिकाणी ठेवला. थोडा सेंट्रल बँकेत, आणि त्याहून जास्त जिल्ह्यातल्याच एका पतसंस्थेत. तिथे व्याज जास्त होतं आणि चेअरमन 'आपल्यातलाच' होता. २००७-०८ च्या सुमाराला जळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी पतसंस्था अडचणीत आल्या, त्यात तीही गेली. मी तेव्हा दोन-तीन वर्षांची. मला कळायला लागल्यापासून आजी दर दिवाळीला ती पावती पेटीतून काढते, पुसते, आणि वडिलांना एकच विचारते, "मना पैसा कव्हय भेटतीन?" वडील काहीतरी बोलून विषय बदलतात. तीन-चार वेळा मिळून थोडे पैसे आले, बाकीचे गेलेच म्हणायचे. दुसरी पावती, सेंट्रल बँकेची, तिच्याबद्दल आजी कधीच काही विचारत नाही. मुदत संपली की कुणाला तरी घेऊन जाते आणि पावती नवी करून आणते. बस्स.

मेसमधल्या भांडणानंतर मी सुट्टीच्या दिवशी बसून त्या दुसऱ्या पावतीमागे काय घडलं ते शोधलं आणि खरं सांगते, हादरले.

सेंट्रल बँक ऑफ इंडिया आपल्याला परकी नाही. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षाच्या शेवटी लीड बँक योजना आली. प्रत्येक जिल्हा एकेका बँकेच्या गळ्यात बांधला. जळगाव आणि धुळे सेंट्रल बँकेकडे आले. म्हणजे आपल्या केळीचं, कापसाचं कर्ज जिल्ह्यात कसं वाटायचं त्याचा आराखडा करणारी ही बँक. तर ही बँक २०१५-१६ पासून २०२०-२१ पर्यंत ओळीने सहा वर्षं तोट्यात होती! २०१८-१९ या एकाच वर्षाचा तोटा ५,६४१ कोटी. सहाही वर्षांची बेरीज मी केली तर साधारण साडेसोळा हजार कोटी भरली. मार्च २०१८ मध्ये तिने दिलेल्या दर १०० रुपये कर्जातले जवळजवळ साडेएकवीस रुपये थकीत होते. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला कडक देखरेखीखाली घेतलं, ती सुटली सप्टेंबर २०२२ मध्ये. आपल्याकडे एटीकेटीवर इतकी वर्षं काढणारा विद्यार्थी मी तरी पाहिला नाही.

आणि या पाच वर्षांत माझ्या आजीला काय कळलं? काहीही नाही. ती गेली, पावती नवी करून आली.

याच्यामागे सरकार होतं म्हणून. हे नीट सांगते, कारण मलाही आधी समजत नव्हतं. बँक जे कर्ज देते त्यातलं बहुतेक ठेवीदारांचं असतं, पण थोडं भांडवल तिचं स्वतःचं असावं लागतं. कर्ज बुडालं की आधी ते भांडवल झिजतं. ते संपलं की मग ठेवीदाराच्या पैशाला हात लागतो. ठेवीदारापर्यंत वेळ येऊ नये म्हणून मालकाने नवं भांडवल घालायचं असतं. सरकारी बँकेचा मालक सरकार. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत केंद्र सरकारने सरकारी बँकांत मिळून ३,१०,९९७ कोटी रुपये घातले. या आकड्यात किती शून्यं हे मोजायला मला वही लागली.

आता गंमत पुढे आहे. यातले बजेटमधून रोख दिले फक्त ३४,९९७ कोटी. उरलेले २ लाख ७६ हजार कोटी आले 'रीकॅप बाँड' नावाच्या रोख्यांतून. हे काय प्रकरण आहे? समजा गॅदरिंगला रूममेटने भरताचा स्टॉल लावला आणि तिचं पाचशेचं नुकसान झालं. तिच्या डब्यात लोकांनी आगाऊ दिलेले पैसे आहेत, पण स्वतःचं भांडवल उडालं, म्हणून वांगीवाला उधार देईना. मी काय करते, तिच्याच डब्यातून ५०० रुपये उसने घेते, तिला चिठ्ठी लिहून देते की 'देणं लागते, वर्षाला सात टक्के व्याज', आणि तेच ५०० तिच्या हातात परत ठेवून म्हणते, आता मी तुझी पार्टनर. डब्यात नोटा तेवढ्याच. पण तिच्या वहीत माझी चिठ्ठी आली, भांडवल आलं, वांगीवाला खूश. माझ्या खिशातून त्या दिवशी एक पैसा गेला नाही. गेलं ते नंतर, दर वर्षी ३५ रुपये व्याज. शिवाय चिठ्ठीचे ५०० कधीतरी द्यायचेच आहेत.

सरकारने नेमकं हेच केलं. म्हणून 'आपल्या टॅक्सचे तीन लाख कोटी त्याच वर्षी ओतले' हे समोरच्या बाकावरचं म्हणणं जसंच्या तसं खरं नाही. आपला टॅक्स जातो तो हप्त्याहप्त्याने, व्याजातून.

मग रूममेटचं तरी खरं का? चला, हिशेब लावू. २,७६,००० कोटींपैकी २०,००० कोटींचे रोखे बिनव्याजी होते, त्यांच्याकडे नंतर येते. उरले २,५६,०००. सात टक्के धरले (काही रोख्यांचा दर याच्याहून थोडा जास्तही होता) तर वर्षाचं व्याज साधारण १७,९२० कोटी. आता दुसरी बाजू. २०२३-२४ या वर्षासाठी सगळ्या सरकारी बँकांकडून सरकारला लाभांश मिळाला १८,०१३ कोटी. बघा! जेवढं व्याज जातं जवळजवळ तेवढाच लाभांश आला. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा दाबून पाहिला.

रूममेट जिंकली असं वाटून मी तिला उठवायला निघाले होते. मग लक्षात आलं की या १८,०१३ मध्ये एकट्या स्टेट बँकेचे ६,९५९ कोटी आहेत. स्टेट बँक काही मरायला टेकली नव्हती. तिच्यातही सरकारने पैसे घातले होते, पण तिच्या आकाराच्या मानाने थोडे. ती हा लाभांश एरवीही दिलाच असता. ती वगळली तर ज्यांना खरोखर वाचवलं त्या बँकांकडून आले ११ हजार कोटी आणि थोडे वर. म्हणजे २०२३-२४ च्या लाभांशाने व्याजसुद्धा पुरतं निघालं नाही, मुद्दल तर लांबच. आणि त्याच्या आधीची जी वर्षं या बँका काहीच देत नव्हत्या त्या वर्षांचं व्याज वेगळंच.

आमच्या आजीच्या सेंट्रल बँकेचंच घ्या. २०२४-२५ मध्ये तिला ३,७८५ कोटी नफा झाला, थकीत कर्ज सव्वातीन टक्क्यांच्या आत आलं. फार चांगली गोष्ट आहे, तिथल्या कर्मचाऱ्यांचं कौतुकच करायला हवं. त्या वर्षासाठी शेअरमागे लाभांश जाहीर झाला पावणेएकोणीस पैसे. सरकारच्या वाट्याला माझ्या हिशेबाने दीडशे कोटींच्या आसपास. आणि २०२१ च्या मार्चमध्ये एका फटक्यात सरकारने तिला दिले होते ४,८०० कोटी. तेही कसे? तेच ते बिनव्याजी रोखे! बिनव्याजी म्हणजे सरकारने चिठ्ठी दिली '४,८०० कोटी देणं लागतो', पण व्याज शून्य आणि पैसे मिळणार दहा ते पंधरा वर्षांनी. इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सचा पेपर ज्यांनी दिलाय त्यांना इथे खटकलं पाहिजे. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत सात टक्क्यांनी ५१ रुपये होते, पंधरा वर्षांनी मिळणाऱ्यांची ३६. मग बँकेच्या वहीत ती चिठ्ठी १०० ची कशी लिहायची? हा प्रश्न रिझर्व्ह बँकेलाही पडला होता. आम्ही सबमिशनमध्ये असे आकडे लिहिले असते तर सरांनी फाईल तोंडावर फेकली असती.

आता समोरचा बाक टाळ्या वाजवेल, म्हणून त्यांनाही थांबवते. लाभांश म्हणजे सगळा परतावा नाही. सरकारकडे या बँकांचे शेअर आहेत आणि त्यांचे भाव २०२० नंतर चांगलेच चढले. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने बँक ऑफ महाराष्ट्रचे सुमारे सहा टक्के शेअर बाजारात विकायला काढले तेव्हा किमान भाव ५४ रुपये ठेवला होता. ही बँकसुद्धा जून २०१७ ते जानेवारी २०१९ त्याच कडक देखरेखीत होती, आणि २०२० मध्ये तिचा शेअर दहा-बारा रुपयांच्या आसपास घुटमळत होता. हा खरा परतावा, कारण पैसे सरकारच्या हातात आले. बाकीच्या शेअरचं म्हणाल तर जळगावच्या माणसाला सांगायला नको. सोन्याचा भाव वाढला म्हणून घरातल्या बायकांच्या पाटल्या पैसे होत नाहीत, सराफाकडे जाऊन मोडल्यावर होतात.

विकल्यावर काय दिसतं त्याचं एक उदाहरण घरचंच आहे. मार्च २०२० मध्ये मुंबईची येस बँक बुडायला आली. पन्नास हजारांच्या वर काढता येईना. तिला वाचवायला स्टेट बँकेला पुढे केलं आणि तिने मुख्यतः १० रुपये भावाने शेअर घेतले. तेव्हा किती ओरड झाली असेल! २०२५ मध्ये तिने त्यातले बरेचसे एका जपानी बँकेला साडेएकवीस रुपयांनी विकले, ८,८८९ कोटी आले. हे कुणालाही समजतं. इतक्याला घेतलं, इतक्याला विकलं, इतकी वर्षं मध्ये गेली.

मुद्दाम बाहेरही बघितलं. २००८ च्या मंदीत अमेरिकेने बँकांत २४५ अब्ज डॉलर घातले आणि २७५ अब्जांच्या वर परत मिळवले. त्यांनी घेताना अटच घातली होती की पहिली पाच वर्षं पाच टक्के लाभांश, नंतर नऊ टक्के. आणि किती गेले, किती आले याचा अहवाल ते बँकेच्या नावानिशी छापत राहिले. तिकडे ब्रिटनने एका रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये साडेपंचेचाळीस अब्ज पौंड घातले, शेवटचे शेअर मे २०२५ मध्ये विकले आणि दहा अब्जांच्या आसपास खोट खाल्ली. खोट खाल्ली, पण ती किती हे तिथल्या लोकांना माहीत आहे. माझं सगळं भांडण एवढ्याचसाठी आहे. मला घाटा चालेल. 'परत आले' म्हणून फोटो काढायचा आणि 'बुडाले' म्हणून भाषण ठोकायचं, पण वही कुणी उघडायची नाही, हे नाही चालत.

कारण त्या वहीत एक खातं असं आहे जे रुपयांत येणारच नाही, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं आहे. माझ्या आजीला पाच वर्षं काही कळलं नाही, हा त्या खात्यातला जमा. जळगाव-धुळ्याच्या शाखांपुढे रांगा लागल्या नाहीत, कुणाचं लग्न मोडलं नाही, कुणाची फी थांबली नाही. (माझ्या फीचं कर्जसुद्धा एका सरकारी बँकेचंच आहे. ती त्या काळात बुडाली असती तर मी हा लेख लिहायला इथे नसते.) मेसमधल्या दोघींपैकी कुणीच हे मोजलं नव्हतं. आणि 'सरकारने बँका वाचवायलाच नको होत्या, बुडू द्यायच्या' असं जे आपल्यातले काही शहाणे म्हणतात, त्यांनी बुडालेली संस्था जवळून पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. ती दर दिवाळीला पेटीतून निघते.

पण मग हाच जमा दाखवायचा तर दुसरी पावतीही समोर ठेवावी लागते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, आधी एक लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा झाला. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी पाटीवर 'ठेवी स्वीकारल्या जातील' लिहिलेलं, काउंटर, शिक्का, पावती, सगळं सारखंच. सहकारात सरकारने कधी पैसे घातलेच नाहीत असंही नाही. आपल्या शेजारच्या बुलढाण्याची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक घ्या. ती आणि नागपूर, वर्धा धरून देशातल्या २३ जिल्हा बँकांना उभं करायला २०१४ मध्ये २,३७५ कोटींची योजना मंजूर झाली. केंद्राचे ६७३ कोटी, राज्यांचे १,४६४, उरलेले नाबार्डचे. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरला गेलं की तिथला शेतकरी या बँकेचा ठेवीदार. म्हणजे सीमेच्या अलीकडे पलीकडे दोन म्हाताऱ्या, दोघींच्या हातात सहकाराचीच पावती, आणि एकीच्या मागे तीन सरकारी खाती उभी. दुसरीच्या मागे फक्त माझे वडील. ते दर वेळी विषय बदलतात.

आमच्या काकांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, जास्त व्याजाच्या मोहाला पडली, भोगावं लागलं. मला हे पटत नाही. सेंट्रल बँकेतून ज्यांनी कोट्यवधींची कर्जं उचलली आणि थकवली त्यांना मोह नव्हता का? त्यांच्या मोहाचा खड्डा सरकारने ४,८०० कोटींच्या चिठ्ठ्या लिहून भरला. आजीच्या दोन टक्के जादा व्याजाच्या मोहाला मात्र काका अजून माफ करत नाहीत. पतसंस्था सगळ्या सरकारने वाचवाव्यात असं मी म्हणत नाही, तसं केलं तर उद्या प्रत्येक गल्लीत एक निघेल. पण निदान काउंटरवर ठळक अक्षरांत लिहायला लावा ना, की इथल्या ठेवीला विमा नाही. एवढ्याला तर रोखेसुद्धा काढावे लागत नाहीत.

असो, लांबलं. परवा मी माहितीच्या अधिकारात अर्ज तयार केला. फी दहा रुपये, म्हणजे मेसबाहेरच्या चहापेक्षा दोन रुपये कमी. सेंट्रल बँक आणि बँक ऑफ महाराष्ट्र, दोघींपुरताच विचारलाय. २०१६-१७ पासून प्रत्येक वर्षी सरकारने यांच्यात किती घातले, त्यासाठी काढलेल्या रोख्यांवर किती व्याज दिलं, लाभांश किती आला, शेअर विकून किती आले. चार रकाने, बँकेच्या नावानिशी. रूममेटने अक्षर चांगलं म्हणून फेअर करून दिला, आणि समोरच्या बाकावरचीने, विश्वास बसणार नाही, पाकिटावर तिकीट लावलं. सोमवारी पोस्टात टाकतेय. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू, संपादकांनी एक पान राखून ठेवावं. दिवाळीला गावी जाईन तेव्हा आजीलाही वाचून दाखवीन. ती सगळं ऐकून घेईल आणि मग पेटीकडे बघून पुन्हा तेच विचारेल, हे मला आत्तापासून माहीत आहे.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)